टेबलावरचा मालधक्का

मुलाला पहिली खेळण्यांतली आगगाडी मिळते तेव्हां तिच्याबरोबर रुळांचें एक वर्तुळही मिळतें. सुटींत हें वर्तुळ जमिनीवर मांडलें जातें, इंजिन धांवूं लागतें, घरांतील लहानथोर मंडळी भोंवतीं जमतात आणि पहिला अर्धा तास मोठ्या आनंदांत जातो. मग गाडी आणखी वेगानें सोडण्यांत येते. मग ती घसरते, आणि घसरली म्हणून पुन्हां थोडी मौज वाटते. आठवड्याच्या अखेरीस गाडी खोक्यांत जाते व खोकें माळ्यावर जातें. यांत मुलाचा दोष कांहीं नाहीं. जी गाडी कोठून निघत नाहीं व कोठें पोंचत नाहीं, जिच्यांतून कांहीं उतरत नाहीं व जिच्यांत कांहीं चढत नाहीं, तिच्याकडे शहाण्या मुलानें किती वेळ पाहत राहावें?

ज्या देशांत ह्या छोट्या आगगाड्यांचा छंद सर्वांत खोल रुजला त्या ब्रिटनमध्यें ही गोष्ट छांदिष्टांच्या फार पूर्वींच ध्यानांत आली. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनीं १९०१ सालीं भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळाचें पेटंट घेतलें. त्यालाच पुढें मेकॅनो हें नांव मिळालें. त्यांच्या कंपनीनें १९२० पासून किल्लीच्या आगगाड्या व १९३८ पासून ‘डब्लो’ नांवाच्या, जवळजवळ निम्म्या आकाराच्या गाड्या विकावयास काढल्या. टेबलावर मावणारी गाडी आली आणि तिच्याबरोबर टेबलावर मावणारें स्टेशनही आलें. परंतु ज्यांनीं वर्षानुवर्षें ह्या छंदाला वाहून घेतलें त्यांपैकीं कित्येकांचें मन शेवटीं रमलें तें स्टेशनाच्या मागच्या अंगास, मालधक्क्यावर.

ह्याचें कारण उघड आहे. उतारूंची गाडी येते, थांबते आणि निघून जाते. तिच्या डब्यांची ताटातूट सहसा होत नाहीं. मालगाडीचें तसें नाहीं. इंग्रजी वॅगनचें मराठी तोंडांत वाघीण झालें, आणि तें नांव तिला शोभतेंही. ह्या प्रत्येक वाघिणीला स्वतःचा पत्ता असतो. एकींत कोळसा, तो अमुक व्यापाऱ्याच्या वखारीशीं लागावयाचा. दुसरींत गुरें, तीं त्यांच्या धक्क्याला. तिसरी रिकामी, ती परतीच्या गाडीला. इंग्लंडमधील लहान गांवाच्या स्टेशनावर जुन्या काळीं अशी एखादी मालगाडी येई, आणि तिचें इंजिन बराच वेळ तेथें थांबून ह्या वाघिणी पुढें-मागें ढकलून ज्याच्या त्याच्या जागीं लावून देई. ह्या ढकलाढकलीस शंटिंग म्हणतात. मालाची कोठी, तिच्यांत हातानें फिरवावयाची यारी, कोळशाचे कप्पे, गुरांचा धक्का, वजनकांटा, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर रुळांवर टांगलेली लोखंडी कमान. ह्या कमानीखालून जी भरलेली वाघीण न अडखळतां गेली तीच पुढल्या पुलाखालून व बोगद्यांतून सुखरूप जाणार. साधीशीच युक्ति, पण किती अक्कलहुशारीची! टेबलावर मांडावयास ह्याहून सोयीचें दृश्य दुसरें सांपडणें कठीण.

हे मालधक्के आतां इंग्लंडांतील खेड्यांत जवळजवळ उरले नाहींत. माल मोटार-लॉऱ्यांकडे गेला. १९६३ सालीं डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांत दोन हजारांहून अधिक स्टेशनें बंद करण्याची शिफारस होती. आणि त्या दशकांत गांवोगांवचे मालधक्के एकामागून एक उखडले गेले. शंटर हातांत लांब काठी घेऊन वाघिणींच्या मधली तीन कड्यांची साखळी कशी सोडी, सांधा कोण फिरवी, कोणती वाघीण कोणाच्या पुढें लागे, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें ती पिढी ओसरत चालली आहे. छायाचित्रांत हें काम दिसत नाहीं, कारण छायाचित्रांतली वाघीण उभी असते. फळीवर मात्र तीच वाघीण हलते, अडते, मागें येते, आणि त्या कामाला किती डोकें लागत असे तें खेळणाराच्या अनुभवास येतें.

ह्या खेळाचा सर्वांत सुटसुटीत नमुना अॅलन राइट ह्या इंग्रज छांदिष्टानें बनविला. इंग्लंडच्या उत्तर टोकास, स्कॉटलंडच्या सीमेजवळ, अॅल्निक व कॉर्नहिल ह्या गांवांना जोडणारी एक रेल्वे होती, आणि तिच्यावर किल्हम येथें मालाचे थोडेसे रूळ होते. त्यांवरून राइट यांनीं आपला आराखडा घेतला आणि त्यास ‘इंगलनूक सायडिंग्ज’ असें नांव दिलें. इंगलनूक म्हणजे जुन्या इंग्रजी घरांतील शेगडीलगतचा बसण्याचा कोनाडा. जागा लहान, पण उबदार.

आराखडा असा. एक रूळ, त्यावर दोन सांधे, आणि त्या सांध्यांमुळें झालेले तीन फांटे. सर्वांत लांब फांट्यावर पांच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे रुळाचा एक आंखूड तुकडा असतो. रेल्वेवाले त्याला शंटिंग नेक म्हणतात, तेव्हां मराठींत त्यास मान म्हणण्यास हरकत नसावी. ह्या मानेवर इंजिन आणि तीन वाघिणी एवढेंच मावतें. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या कराव्या, मिसळाव्या, पांच उचलाव्या, आणि ज्या क्रमानें चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानें त्या पांच वाघिणींची गाडी लांब फांट्यावर तयार करावी. वाघीण हातानें उचलावयाची नाहीं. नियम एवढेच.

आठांतून पांच, आणि त्याही क्रमवार, अशा किती गाड्या होतात? आठ, सात, सहा, पांच आणि चार ह्यांचा गुणाकार करावा. उत्तर ६,७२० येतें. रोज एक गाडी लावावयाची म्हटली तरी अठरा वर्षांवर पुरतील. मॅट्रिकच्या वर्गांत क्रमचयाचा धडा ज्यांना रुक्ष वाटला त्यांनीं तो ह्या फळीवर पुन्हां एकदां वाचावा.

एक उदाहरण घेऊं. कोळशाची वाघीण नव्या गाडींत इंजिनाच्या बाजूस हवी, आणि सध्यां ती लांब फांट्याच्या बंद टोकाला, चार वाघिणींच्या मागें उभी आहे. मानेवर तीनच मावतात, म्हणून इंजिन आधीं तीन वाघिणी ओढून रिकाम्या आंखूड फांट्यावर नेऊन ठेवतें. मग उरलेल्या दोन बाहेर काढतें. आतां दोन्ही आंखूड फांटे भरलेले. रिकामा आहे तो लांब फांटा, आणि तेथें आतां कोळसा सोडावा तर पुढें येणाऱ्या सगळ्या वाघिणी पुन्हां त्याच्या आड उभ्या राहणार. येथें खेळणारा इंजिन थांबवितो व हनुवटीला हात लावतो. वाट असतेच, पण ती सांपडावयास ज्या वाघिणी आपापल्या जागीं नीट बसल्याशा वाटत होत्या त्यांनाही पुन्हां हलवावें लागतें.

पुष्कळांना वाटतें, मान एवढी आंखूड कशाला? फळी चार बोटें वाढविली कीं पांच वाघिणी एकदम ओढतां येतील. असा दयाळूपणा केला कीं खेळ संपला. सगळी गंमत त्या तीन वाघिणींच्या अडचणींत आहे. अमेरिकेंत जॉन अॅलन यांनीं १९७२ सालीं ‘टाइमसेव्हर’ नांवाचा असाच एक शंटिंगचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत घड्याळ लावून दोघांची चढाओढ लावतां येते. अॅलन यांची कॅलिफोर्नियांतील मोठी छोटी-रेल्वे, डोंगर-दऱ्या-पुलांसह, त्या काळीं साऱ्या अमेरिकेंत गाजत होती. १९७३ च्या जानेवारींत ते वारले, आणि थोड्याच दिवसांत त्या घराला आग लागून वीस वर्षांवरची ती कारागिरी नाहींशी झाली. फळीभर रुळांचा तो खेळ मात्र आजही कोणीही एका रविवारीं मांडूं शकतो.

आतां मापाविषयीं. दिवाळींत आपल्या अंगणांतून मुलें मातीचे किल्ले करतात. तटावरचा मावळा बुरुजाएवढा उंच असतो, पायथ्याचा वाघ दरवाजांतून आंत शिरूं शकत नाहीं, आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मालधक्क्यावर ही मोकळीक चालत नाहीं. वाघीण, धक्का, हमाल आणि पेटारा ह्यांचीं मापें एकमेकांशीं जुळलीं नाहींत तर माल चढतो-उतरतो असें वाटतच नाहीं. ब्रिटनमध्यें सर्वांत रूढ प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें एकास शहात्तर, असें आहे. ह्या प्रमाणानें जुन्या धर्तीची चारचाकी वाघीण बफरांसह सुमारें ८ सेंटिमीटर भरते. पांच वाघिणींचा फांटा ४० सेंटिमीटर, तीन वाघिणींचा २४. लहान इंजिन १२ सेंटिमीटर धरलें तर मान ३६. दोन सांध्यांची जागा धरून सगळा मालधक्का चार-साडेचार फूट लांब व एक फूट रुंद फळीवर बसतो. खेळून झाल्यावर ती फळी पुस्तकांच्या कपाटावर ठेवून देतां येते, आणि ज्यांचें सारें घर दोन खोल्यांचें आहे त्यांना हा लाभ थोडा नाहीं.

ह्या प्रमाणांत एक जुनी लबाडी दडलेली आहे. इंग्रजी रुळांचें खरें अंतर ४ फूट ८॥ इंच, त्याचे १८.८३ मिलिमीटर व्हावयास हवेत. दुकानांत मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. इंग्रजी इंजिनें अंगानें बारीक. त्या वेळच्या विजेच्या मोटारी त्यांत मावेनात, म्हणून अंग मोठें केलें व रूळ तसेच ठेवले. परिणामीं समोरून पाहतां गाडी काटकुळ्या पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. कांहीं काटेकोर मंडळी अजून १८.८३ चेच रूळ हातानें घालतात. आपल्या देशांतील मोठ्या मापाच्या रुळांचा प्रश्न आणखी निराळा आहे. साडेपांच फुटांचे ह्या प्रमाणानें बरोबर २२ मिलिमीटर होतात, आणि त्या मापाचीं चाकें दुकानांत आयतीं सहसा मिळत नाहींत. आंस कापून, नवे घालून तीं करावीं लागतात. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी मात्र ह्या प्रमाणांत सुदैवी ठरते. तिचे ८ मिलिमीटर होतात, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ सर्वत्र मिळतात. छोट्या आगगाड्या एकत्र धांवतांना पाहावयाच्या असतील त्यांनीं पुण्यास कोथरुडांत १९९८ पासून असलेलें जोशी यांचें संग्रहालय पाहावें.

बांधणीचें काम वाटतें त्याहून सोपें व वाटतें त्याहून चिकाटीचें आहे. फळी वांकतां कामा नये. पातळ प्लायवूडला खालून आडव्या पट्ट्या माराव्या. रूळ अगदीं सपाट हवेत. खऱ्या मालधक्क्यावर खडी राख-मातीनें भरून जाऊन स्लीपर जवळजवळ दिसेनासे होत. फळीवरही तसेंच करावें. चाळलेली कोरडी माती अथवा कोळशाची राख सरसाच्या पातळ पाण्यानें बसवावी, परंतु सांध्यांच्या जिभांशीं एक कणही जाऊं देऊं नये. वीज बारा व्होल्टची, तेव्हां धोका नाहीं. खरा शत्रु आहे मळ. वर्तुळावर जोरानें धांवणारें इंजिन मळक्या रुळांवरून निभावून जातें. मालधक्क्यावर मुंगीच्या पावलांनीं चालणारें चारचाकी इंजिन धुळीच्या एका ठिपक्यावर खिळून उभें राहतें. म्हणून खेळापूर्वीं रूळ पुसावे आणि चाकेंही पुसावीं. वाघिणी फार हलक्या असल्या तर मागें ढकलतांना रुळांवरून उतरतात. त्यांच्या पोटांत शिशाचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवावा. आठही वाघिणींचें वजन सारखें ठेवावें. एक जड व तिच्यामागें एक हलकी, अशी जोडी ढकलतांना हलकीच घसरते.

एवढें झालें कीं मालधक्का चालूं लागतो. तो दहा वर्षें चालावा ही इच्छा असेल तर दुसरें एक काम पहिल्या दिवसापासून करावें लागतें, आणि तें म्हणजे सुटे भाग सांभाळण्याचें. नवशिक्याला ह्याचें महत्त्व कळत नाहीं. त्याची समजूत अशी कीं, चाक मोडलें तर दुकानांत दुसरें मिळेल. कांहीं वर्षें मिळतेंही. परंतु खेळण्यांचे कारखाने आगगाड्यांइतके टिकत नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या आरंभापासून, ब्रिटनमध्यें धातूचीं खेळणीं बनविण्यास सरकारी बंदी झाली. ज्यांच्याजवळ जुन्या तुकड्यांचा संग्रह होता त्यांचें काम चालू राहिलें, बाकीच्यांचें थांबलें. पुढें १९६४ सालीं मेकॅनो कंपनी प्रतिस्पर्ध्याच्या हातीं गेली, डब्लो गाड्यांचें उत्पादन संपलें, आणि १९७९ च्या नोव्हेंबरांत लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील तिचा कारखानाच बंद झाला. लाखो मुलांच्या हातांतील गाड्यांचे सुटे भाग जेथून येत ती जागा अशी मिटली. त्यानंतर डब्लोचें एखादें इंजिन जर कोठें चालत राहिलें असेल, तर कोणीतरी कोठल्या तरी डबींत त्याचे कार्बनचे ब्रश आणि बारीक स्प्रिंग जपून ठेविले होते म्हणून.

काय जपावें? पहिला मान चाकांचा व आंसांचा. त्याखालोखाल वाघिणींना जोडणारे आंकडे, कारण शंटिंगमध्यें सर्वांत अधिक झिजतात व मोडतात ते तेच. मग बफर, इंजिनाचे ब्रश, बारीक स्क्रू, सांध्यांच्या जिभांचे तुकडे. प्लॅस्टिकच्या वाघिणींचे संच बांधतांना उरलेले भाग तर सोन्यासारखे. एका संचांत दोन तऱ्हेचे ब्रेक किंवा दोन तऱ्हेचीं दारें येतात व एक जोडी नेहमीं उरते. हे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात ती चौकट पुष्कळजण फेंकून देतात. ती मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न लागूं देतां, मऊ होईपर्यंत धरावी व दोन्ही हातांनीं हळूच ओढावी. केसासारखा बारीक तंतु निघतो. त्याच्या वाघिणीच्या मुठी होतात, कोठीच्या छपराचे नळ होतात, धक्क्यावरील दोरखंडही होतात.

परंतु जपणें म्हणजे कोंबणें नव्हे, आणि येथें पुष्कळ छांदिष्टांचें चुकतें. मिसळलेली पेटी ही पेटीच नाहीं, ती अडगळ. चाकांचाच प्रश्न घ्या. दोन आंस डोळ्यांना सारखे दिसतात; एक २६ मिलिमीटरचा टोकदार, दुसरा अर्धा मिलिमीटर लांब. लांब आंस घातला तर चाक फिरत नाहीं, आंखूड घातला तर गळून पडतें. डब्लोच्या जुन्या गाड्या १९५९ पूर्वीं तीन रुळांवर चालत, त्यामुळें त्यांचीं दोन्ही बाजूंचीं चाकें एकमेकांपासून विजेला तोडलेलीं नसतात. तसलें एक चाक चुकून दोन रुळांच्या मालधक्क्यावर आलें कीं सगळी वीज त्यांतून आरपार जाते व इंजिन जागच्या जागीं थांबतें. कारण शोधतां शोधतां सबंध संध्याकाळ जाते. म्हणून प्रत्येक जातीस वेगळी डबी, आणि प्रत्येक डबीवर चिठ्ठी. आगपेट्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, तपकिरीच्या डब्या, कांहींही चालेल. कोणत्या वाघिणींतून काढलें, माप किती, कधीं काढलें, एवढें चिठ्ठीवर असावें. ज्या वस्तूची चिठ्ठी लिहितां येत नाहीं ती बहुधा ठेवण्याजोगी नसते.

कांहीं वस्तू ठेवल्यानें टिकत नाहींत, हेंही जाणून असावें. महायुद्धापूर्वींच्या जस्ताच्या मिश्र धातूच्या ओतीव भागांत शिसें वगैरे मिसळलें गेलें असेल तर ते आंतल्या आंत फुगतात, त्यांना तडे जातात, आणि शेवटीं बिस्किटासारखे हातांत चुरतात. बंद डबींत ठेवले म्हणून ते वांचत नाहींत. असे भाग लागतील तेव्हां वापरण्यासाठीं न ठेवतां, शक्य तर सांचा घेऊन त्यांची नक्कल करून ठेवावी. रबराच्या कड्या चिकट होऊन शेजारच्या भागांना लागतात. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत पोलादी आंस एका श्रावणांत गंजतात. त्यांना तेलाचा हात फिरवून कागदांत गुंडाळावें.

मोडलेल्या वाघिणीचें काय करावें? ह्या बाबतींत खऱ्या रेल्वेनेंच धडा घालून दिलेला आहे. इंग्लंडच्या रेल्वे कंपन्या निकामी वाघिणीचीं चाकें काढून घेत व तिचा बंद सांगाडा मालधक्क्यावर जमिनीवर ठेवून देत. दिव्यांचें तेल, दोर, हत्यारें ठेवावयाची ती कोठी होई. जुन्या रुळांचे तुकडे वांकवून फांट्याच्या टोकाचे अटकाव करीत. जुन्या स्लीपरांचे कोळशाचे कप्पे होत. आपल्याकडेही रुळाचे तुकडे कुंपणाचे खांब झालेले सर्वांनीं पाहिले आहेत, आणि कित्येक स्टेशनांवर व शाळांतून घंटा म्हणून टांगलेला असे तो रुळाचाच तुकडा. तेव्हां फळीवरील मालधक्क्यांत मोडक्या वाघिणीची कोठी उभी राहिली तर तींत काटकसर तर आहेच, पण तें दृश्य नव्या विकतच्या कोठीपेक्षां अधिक खरेंही असतें. लंडनच्या जॉन अहर्न यांनीं १९३० च्या दशकांत आरंभिलेली ‘मॅडर व्हॅली’ ही छोटी रेल्वे ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयांत जपलेली आहे; तिच्यांतील घरें-दुकानें पाहून लोकांना अजून नवल वाटतें, आणि तीं मुख्यतः साध्या पुठ्ठ्याचीं आहेत.

पीटर डेनी ह्या इंग्रज धर्मोपदेशकांची गोष्ट ह्याहून पुढची. १९०७ सालची बकिंगहॅमची रेल्वे, हा त्यांचा विषय. महायुद्धानंतर आरंभ करून, घरें बदलत, फळ्या मोडत व पुन्हां जोडत, त्यांनीं ती अनेक दशकें चालविली. एका लहान स्टेशनाचे सिग्नल व सांधे त्यांचा मुलगा क्रिस्पिन सांभाळीत असे. पण मुलें मोठीं होतात, आणि नेहमीं हाताशीं राहत नाहींत. तेव्हां डेनी यांनीं त्याच्या जागीं काम करणारें एक यंत्र तयार केलें. गाडी आली कीं तें आपोआप घंटेनें उत्तर देई व सिग्नल पाडी. त्या यंत्राचें नांव त्यांनीं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ असें ठेविलें. १९०७ सालचें स्टेशन आणि घर सोडून गेलेला मुलगा, दोहोंची जागा त्या फळ्यांवर राखलेली होती.

घरांतून ह्या पेटीला विरोध होतो तो निराधार नसतो. दिवाळीच्या साफसफाईंत गृहिणीच्या हातीं मोडक्या चाकांनीं भरलेल्या अकरा डब्या लागतात व ती म्हणते, “अहो, हें सगळें किती वर्षें ठेवायचं?” प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर एकच: पेटीला माप असावें. जेवढी एक पेटी त्या चार फुटी फळीखालीं सरकते तेवढीच. ती भरली कीं नवें आंत घालण्यापूर्वीं जुनें बाहेर काढावें. वर्षांतून एकदां सगळ्या डब्या उघडून पाहाव्या. चुरलेले ओतीव भाग, चिकट रबर, ओळख हरवलेले स्क्रू टाकून द्यावे. मुलें असतील तर ही पाहणी त्यांच्यासमवेत करावी. कोणता भाग कशाचा हें त्यांना सांगतां आलें, तरच पुढें ती पेटी त्यांच्या हातीं सोंपवण्यांत अर्थ राहतो. तसें न केल्यास संग्रह रद्दीवाल्याकडे वजनावर जातो, आणि फळी तेवढी घरीं उरते.

आणखी एक सूचना, कोणत्याही आराखड्यांत न सांपडणारी. इंगलनूकच्या आठ वाघिणींखेरीज एक नववी वाघीण ठेवावी, आणि ती रुळांवर न ठेवतां मालाच्या कोठीमागें, गवतांत, अर्धा इंच वर उचलून ठेवावी. आपल्या रेल्वेवर दुरुस्तीस काढलेल्या वाघिणीला सिक म्हणतात. ही आपली सिक वाघीण. खेळांतील एखाद्या वाघिणीचा आंकडा तुटला कीं हिचा काढावा. दुसऱ्या वर्षीं एक जोडी चाकें जातील, मग बफर, मग ब्रेक. सगळें निघून गेलें कीं उरलेल्या सांगाड्याला दार कोरावें, त्यावर तेलाचे डाग पाडावे, आंत दिव्यांचीं दोन-चार डबडीं ठेवावीं, आणि धक्क्याच्या टोकाला बसवून टाकावी.